विश्लेषण : ‘नाऊ’ दिसला की ‘आयएनजी’ लावायचाच का?

नांदेड आणि लातूरमध्ये शिकवणी वर्गांची वानवा नाही. ‘नीट’च्या मोठमोठ्या फलकांच्या शेजारी ‘स्पोकन इंग्लिश’च्या छोट्या पाट्याही हमखास दिसतात. या वर्गांत आणि शाळांतही एक सूत्र वर्षानुवर्षे पाठ करून घेतले जाते. वाक्यात ‘नाऊ’ किंवा ‘ॲट प्रेझेंट’ असेल तर क्रियापदाला ‘आयएनजी’ लावा, ‘एव्हरी डे’ असेल तर साधा वर्तमानकाळ घ्या आणि ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ दिसले की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लिहा. बँक किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडताना या सूत्राने गुण मिळतात. पुण्यातल्या कंपनीच्या फोनवरील मुलाखतीत मात्र तेच सूत्र अंगलट येते. तिथे पर्याय समोर नसतात. वाक्य स्वतःलाच जुळवावे लागते.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. म्हणजे त्यानंतर शाळेत गेलेली पिढी दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडते. तरीही ‘मी तीन वर्षांपासून लातूरला राहतो’ हे साधे वाक्य अनेकांच्या तोंडून ‘आय ॲम स्टेइंग इन लातूर सिन्स थ्री इयर्स’ असे बाहेर येते. याला मुलांची हुशारी कमी पडते असे म्हणता येणार नाही. खोट शिकवण्याच्या पद्धतीत आहे.

नेमके चुकते कुठे?

मराठीतला ‘आता’ हा शब्द फार कामाचा आहे. ‘तो आता गेला’, ‘तो आता जाईल’, ‘तो आता निघतोय’ आणि ‘तो आता पुण्यात राहतो’ ही चारही वाक्ये बिनचूक आहेत. भूत, भविष्य, वर्तमान असा कुठलाही काळ असो, ‘आता’ तिथे बसतो. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’ म्हणावे लागते, म्हणजे तिथे ‘नाऊ’ येतच नाही. तिसऱ्यात ‘ही इज लीव्हिंग नाऊ’ होते. चौथे वाक्य ‘ही लिव्हज इन पुणे नाऊ’ असे होते. त्यात ‘नाऊ’ आहे, पण ‘आयएनजी’ नाही. इथेच पाठ केलेले सूत्र कोलमडते.

कारण काळ ठरवण्याचे काम ‘नाऊ’ करत नाही. ते काम बोलणारा करतो. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर चालू आहे, तात्पुरती आहे की कायमची आहे, हे त्याला सांगायचे असते. कालवाचक क्रियाविशेषण त्याला फक्त दुजोरा देते. ‘टुडे’ घेऊन पाहा. ‘ही केम टुडे’, ‘ही हॅज कम टुडे’, ‘ही इज कमिंग टुडे’ ही तिन्ही वाक्ये चालतात. पहिल्यात येण्याची घटना संपली आहे. दुसऱ्यात तो आला आहे आणि त्याचे येणे अजून महत्त्वाचे आहे. तिसऱ्यात तो यायचा आहे. शब्द एकच, पण तीन वेगळ्या बातम्या.

काही क्रियापदे तर ‘आयएनजी’ला सहसा दादच देत नाहीत. माहीत असणे, हवे असणे, समजणे, मालकीचे असणे या क्रिया नसून अवस्था आहेत. त्यामुळे ‘मला आता समजले’ याचे ‘आय ॲम अंडरस्टँडिंग नाऊ’ होत नाही, ‘आय अंडरस्टँड नाऊ’ होते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य तर भारतीय इंग्रजीची ओळखच बनले आहे. मात्र ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ जवळ असणे नसून जेवणे आहे. हा फरक सूत्रात मावत नाही. अर्थ समजून घ्यावाच लागतो.

घरची बोली कामी येते

या चर्चेत एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. प्रमाण मराठीत ‘मी जातो’ हे वाक्य रोजच्या सवयीलाही चालते आणि निरोप घेतानाही. ‘जातोय’ किंवा ‘जात आहे’ ही रूपे आहेत, पण ‘जातो’नेही भागते. मराठवाड्याच्या बोलीत हा फरक कितीतरी ठळक आहे. ‘मी रोज शेताला जातो’ ही सवय झाली. आत्ता वाटेवर असलेला माणूस ‘शेताला जायलोय’ म्हणतो. ‘काय करायलास?’, ‘जेवायलोय’, ‘पाऊस पडायलाय’ ही रूपे नांदेड, परभणी, लातूरकडे घरोघरी ऐकू येतात. लातूरच्या काही भागांत ‘करलालाय’ असेही म्हणतात. नांदेडच्या गल्ल्यांत दखनी बोलणारा माणूस ‘क्या कर रा’ विचारतो, तेव्हा तोही हेच करतो.

म्हणजे इंग्रजीचा साधा वर्तमान आणि चालू वर्तमान हा भेद मुखेडच्या किंवा निलंग्याच्या मुलाला नवा नाही. तो त्याच्या तोंडात आधीपासूनच आहे. ‘जातो’ म्हणजे ‘आय गो’, ‘जायलोय’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’. एवढे सांगितले तर ‘आयएनजी’ कधी लावायचा हे पहिल्याच तासाला बऱ्यापैकी कळेल. प्रत्यक्षात घडते उलटे. ‘करायलोय’ म्हणणाऱ्या मुलाला आधी ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावले जाते, त्याच्याकडून तो भेद विसरवला जातो आणि मग तोच भेद इंग्रजीच्या तासाला तक्त्यावरून पाठ करून घेतला जातो. बोलीबद्दलची ही अढी मुलाच्या आत्मविश्वासावर तर घाव घालतेच, शिवाय वर्गातला वेळही वाया घालवते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांवर पोसलेल्या शिक्षकांना हे पटायला जड जाईल, पण इंग्रजी शिकवायचे असेल तर ‘जायलोय’ला वर्गात खुर्ची द्यायला हवी.

अर्थात बोली सगळीकडे साथ देत नाही. ‘मला दिसायलंय’ याचे ‘आय ॲम सीइंग’ करून चालत नाही, तिथे ‘आय कॅन सी इट’ म्हणतात. ‘आलोच’ हे तर अख्ख्या महाराष्ट्राचे कोडे आहे. माणूस अजून घरातून निघालेला नसतो आणि फोनवर भूतकाळात ‘आलोच’ सांगतो. इंग्रजीत त्यासाठी ‘आय ॲम कमिंग’ लागते. ‘आय केम’ म्हटले तर समोरचा दाराकडे पाहू लागेल. ‘सारखा पैसे मागत असतो’ ही तक्रार मात्र इंग्रजीतही जवळपास तशीच जाते. ‘ही इज ऑलवेज आस्किंग फॉर मनी’. इथे ‘ऑलवेज’ असूनही ‘आयएनजी’ आला, कारण बोलणारा वैतागलेला आहे.

‘अजून’ आणि ‘पासून’

‘अजून’चे इंग्रजीत दोन तुकडे होतात. ‘निकाल अजून लागला नाही’ ही साधी माहिती असेल तर ‘येट’ वापरतात आणि तो वाक्याच्या शेवटी जातो. ‘अजून लागलाच नाही!’ असा वैताग असेल तर ‘स्टिल’ येतो, तोही ‘हॅजन्ट’च्या आधी. मराठीत जे काम ‘च’ आणि आवाजाचा चढ करतो, ते इंग्रजीत वेगळा शब्द करतो.

‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’बाबत मोबाइलमुळे नवा गोंधळ वाढला आहे. आपली पाठ्यपुस्तके ब्रिटिश वळणाची आहेत. त्यांत ‘मी आत्ताच जेवलो’ याचे उत्तर ‘आय हॅव जस्ट ईटन’ असते. अमेरिकी मालिकांतली पात्रे सर्रास ‘आय जस्ट एट’ म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत. परीक्षेत पहिले लिहावे, बोलताना दुसरेही चालते. ‘यस्टरडे’ किंवा ‘इन २०१६’ असा संपलेला काळ वाक्यात आला, की मात्र ‘हॅव’ दोन्हीकडे बाद होतो. लातूरला रेल्वेने पाणी आले ते एप्रिल २०१६ मध्ये. त्याचे वाक्य ‘द वॉटर ट्रेन केम इन २०१६’ असेच होते, ‘हॅज कम’ नाही.

राहिला सुरुवातीचा प्रश्न, ‘तीन वर्षांपासून’चा. मराठीत ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘२०२२पासून’ दोन्हीकडे ‘पासून’ चालतो. इंग्रजीत आरंभाचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि मधला अवधी मोजायचा तर ‘फॉर’. शिवाय तेव्हा सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजी नुसत्या वर्तमानकाळात ठेवत नाही. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर थ्री इयर्स’. ‘मी तीन वर्षांपासून राहतो’ म्हणा किंवा ‘राहायलोय’ म्हणा, प्रमाण मराठी आणि बोली दोन्ही इथे वर्तमानकाळावरच थांबतात. मुलांना घरून काहीच मदत न मिळणारी जागा ही आहे. शिक्षकाचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जायला हवा.