अक्षर मोठें कसें होतें?

एकत्र कुटुंबांत पुस्तक एक आणि डोळे अनेक असतात. नातवाला जें अक्षर ठसठशीत वाटतें, तेंच आजोबांना मुंग्यांच्या रांगेसारखें दिसतें. टॅब्लेटवर अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें, असें आपण ऐकतों; मग एक पुस्तक सुखानें वाचतां येतें आणि दुसरें येत नाहीं, हें कसें?

खानदेशाशीं संबंध असलेल्या दोन ग्रंथांवरून हें पाहूं. पूर्वीं अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं 'श्यामची आई' १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. गुरुजी १९५० सालीं निवर्तले; कायद्याची ६० वर्षांची मुदत २०१० अखेर संपून पुस्तक सर्वांस मोकळें झालें. अशा पुस्तकाची ई-प्रत नीट सिद्ध केलेली असली, म्हणजे तींत अक्षराचें माप ठराविक नसून प्रमाण सांगितलेलें असतें: मथळा मजकुराच्या दीडपट, टीप पाऊणपट, इत्यादि. मजकूर शंभराचा दीडशें टक्के केला कीं मथळाही त्याच मानानें वाढतो, ओळी नव्यानें मोडतात आणि पानें वाढतात. म्हणून घरांत खूण सांगतांना पृष्ठांक सांगूं नये, 'रात्र' सांगावी.

दुसरा ग्रंथ 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें'. त्याचे कर्ते इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले. असे जुने ग्रंथ पीडीएफच्या रूपानें मिळतात, ते बहुधा पानांचीं छायाचित्रें असतात. तेथें अक्षर वाढत नाहीं, सारें पानच फुगतें. तें दुप्पट केलें कीं पानाचा चौथा भागच दृष्टीस पडतो आणि प्रत्येक ओळीस बोटानें पान इकडून तिकडे ओढावें लागतें. अशा वेळीं टॅब्लेट आडवा धरावा व सोय असल्यास कोरे समास कापावे. ओळ पुरी दिसूं लागते.

देवनागरीस आणखी एक जपणूक हवी. आपल्या अक्षरांस वर वेलांटी व मात्रा, खालीं उकार. अक्षर वाढवून ओळींतील अंतर तेंच ठेवलें, तर वरचा उकार खालच्या मात्रेस भिडतो. यास्तव दोन्ही एकदम वाढवावीं.

"आतां डोळे चालत नाहींत" म्हणून कित्येक वडील मंडळी वाचन सोडून देतात. पुष्कळदां त्यांच्या हातीं पुस्तकाची चुकीची प्रत पडलेली असते. घरांतील तरुणांनीं योग्य प्रत व योग्य माप एकदां जुळवून द्यावें. त्यास पाव तासही लागत नाहीं, आणि वडिलांचा सारा दिवस भरून निघतो.