ओल एकीकडे, गळती दुसरीकडे

आमचे घर उतारावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ दिसतात. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर एकमजली, मागच्या बाजूने पाहिले तर दुमजली. खालच्या मजल्याची एक भिंत डोंगराच्या मातीला टेकलेली असते. अब्बांच्या काळात आमच्या खालच्या खोलीत भात, नारळ आणि जळाऊ लाकडे असत. 3 वर्षांपूर्वी आम्ही ती खोली नीट करून घेतली. खाली फरशी, वर पीओपीचे छत, भिंतींना पीव्हीसीचे पॅनेल. मोठ्या लेकीची दहावी जवळ येत होती, तिला अभ्यासाला शांत जागा हवी होती.

गेल्या जुलैत लेक म्हणाली, "अब्बू, खाली ओल्या गोणपाटासारखा वास येतो." कोकणात पावसाळ्यात कुठल्या खोलीला वास येत नाही, असे म्हणून आम्ही ते सोडून दिले. पंधरा दिवसांनी तिच्या कपाटातल्या खालच्या खणातली पुस्तके फुगलेली निघाली. तेव्हा कुठे पॅनेल खालून दोन फूट उचकटले. मागची भिंत काळी पडली होती, प्लास्टरवर पांढरा लोणा आला होता आणि प्लगच्या बोर्डाखाली बोटाला पाणी लागत होते.

त्या खोलीचा एमसीबी आम्ही लगेच खाली पाडला. वाचकांनीही हे लक्षात ठेवावे. ओल्या भिंतीत बोर्ड असेल तर गळतीचा शोध नंतर, वीज आधी बंद.

प्लंबर आला, भिंतीवर थाप मारली आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "सर, ही डोंगराची बाजू. वर शेजाऱ्यांची जमिनीतली टाकी आहे. तीच पाझरते." आम्हाला ते लगेच पटले. भिंत जांभ्याची, जांभा सच्छिद्र, ओल जमिनीलगत. शिवाय दोष दुसऱ्याच्या अंगणात निघाला की मनाला बरे वाटते, हेही खरे. त्याच संध्याकाळी आम्ही वरच्या काकांकडे गेलो. भांडलो नाही, पण बोलण्याचा सूर चांगला नव्हता. "तुमच्या टाकीमुळे आमच्या मुलीची पुस्तके गेली," असे म्हणून बसलो.

काका निवृत्त माणूस. ते म्हणाले, "सर, टाकी रिकामी करतो. 4 दिवस बघा." नळाला पाणी एक दिवसाआड येते. त्यांनी 4 दिवस विहिरीचे पाणी भरले, आम्ही ते खिडकीतून पाहत होतो. आमची भिंत पाचव्या दिवशीही तितकीच ओली होती.

त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. वर्गात आम्ही मुलांना सांगतो की आधी निरीक्षण, मग अनुमान. घरी मात्र उलटे केले होते. दुसऱ्या दिवशी लेकीची एक कोरी वही घेतली आणि चार रकाने आखले. तारीख, पाऊस, नळाचे पाणी, ओलीची कड. रोज असरनंतर ओलीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची.

मग एकेक शंका तपासायला घेतली. पहिली शंका हवेतल्या दमटपणाची. बंद खोलीत गार भिंतीवर हवेतले बाष्प साचते आणि ती गळती वाटते. भिंतीच्या कोरड्या दिसणाऱ्या भागावर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावला आणि 2 दिवस ठेवला. प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला थेंब आले तर पाणी हवेतले, आतल्या अंगाला आले तर भिंतीतले. आमच्याकडे थेंब आत होते.

दुसरी शंका घरातल्या पाण्याच्या पाइपची. पुष्कळ लोक मीटर पाहतात. सगळे नळ बंद असताना मीटरचे चाक फिरत असेल तर कुठेतरी गळते आहे. पण आमच्याकडे मीटरनंतर पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून घरात येते. त्यामुळे घरातल्या गळतीबद्दल मीटर काही बोलत नाही. आम्ही इशानंतर टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण केली आणि फजरपर्यंत कोणी नळ सोडायचा नाही असे ठरवले. सकाळी पाणी खुणेवरच होते. म्हणजे भरलेले पाइप ठीक होते. गळत असेल तर ते वापरलेले पाणी, सांडपाण्याच्या वाटेवर.

तरी मन पावसाकडेच जात होते. सप्टेंबरात आठवडाभर उघडीप मिळाली आणि ओलीची कड वीतभर मागे सरली. आम्ही खूश झालो, पाऊसच होता म्हणालो. बाहेरून वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला बोलावले. त्याने भिंतीलगतची सगळी माती उकरून काम करायचे 60 हजार सांगितले. आम्ही पैशांची जुळवाजुळव करू लागलो.

त्यानंतर आणखी 5 दिवस पावसाचा थेंब नव्हता, तरी ओल पुन्हा वर चढली. वही लेकीनेच हातात घेतली. म्हणाली, "अब्बू, पाऊस थांबला त्याच दिवशी दादीजान महाडला गेल्या होत्या. आणि त्या आल्यावर तिसऱ्या दिवशी रेघ वर गेली."

एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि आम्ही श्रेय एकीलाच दिले होते. अम्मी 8 दिवस आपाकडे होत्या. घरात आम्ही सगळे वुजू बाथरूमच्या बेसिनवर करतो. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून वरच्या मागील पडवीत त्यांच्यासाठी नळ, बसायचा ओटा आणि लहानशी नहाणी केली आहे. ती जागा फक्त त्या वापरतात, पण दिवसातून पाच वेळा.

रंगाने खात्री करून घेतली. आधी बाथरूमच्या जाळीचे तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने बंद केले, बोटभर पाणी साठवले आणि त्यात कपड्यांची नीळ टाकली. 24 तास खाली काही उमटले नाही. मग अम्मींच्या नहाणीत तसेच केले, पण रंग वेगळा हवा म्हणून जर्द्यात घालायचा केशरी रंग घेतला. दुसऱ्या दिवशी जुहरच्या सुमारास खालच्या प्लगच्या बोर्डातून केशरी ओघळ आला.

आता सगळे उलगडले. जाळीखालचा ट्रॅप आणि स्लॅब यांमधला सांधा फुटला होता. पाणी फरशीखाली मुरायचे, स्लॅबच्या उताराने 8 फूट सरकायचे, तिथे वायरिंगच्या पाइपात शिरायचे आणि भिंतीतून थेट खालच्या बोर्डापाशी उतरायचे. वर पीओपी, समोर पॅनेल, त्यामुळे वाटेत कुठे दिसत नव्हते. दिसत होते ते जमिनीलगत, डोंगराच्या भिंतीवर, म्हणून आम्ही डोंगराला आणि काकांना धरले.

अम्मींना सांगितले तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बेटा, मला वाटतच होते. म्हणून मी लोट्याने थोड्याशा पाण्यात करत होते." ओल दिसल्यापासून त्या नळ सोडत नव्हत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी लोटा भरून आणत होत्या, आणि आमच्या ते ध्यानात आले नव्हते. वुजूत पाणी जपून वापरणे चांगलेच, पण हे जपणे नव्हते. घराला आपला भार होतो, ही भीती होती. भिंत दुरुस्त करता येते. या गोष्टीचे आम्हाला फार वाईट वाटले.

गवंड्याने फक्त नहाणीपुरती अडीच फूट फरशी फोडली. नवा ट्रॅप बसवला, भोवती आणि कोपऱ्यांत गोलाई देऊन वॉटरप्रूफिंग केले, 48 तास पाणी साठवून पाहिले आणि मगच फरशी लावली. सगळे मिळून 60 हजारांच्या दहाव्या भागात झाले. इलेक्ट्रिशियनने ओली वायर आणि बोर्ड बदलले. भिंत दोन महिने उघडी ठेवून सुकवली. पॅनेल आता जमिनीपासून दोन फूट वरच थांबवले आहे, म्हणजे पुढे ओल आली तर लगेच दिसेल.

तुमच्या घरी अशी ओल आली तर भिंत फोडण्याची घाई करू नका. पावसानंतरच येते की बारमाही, हे आधी लिहून पाहा. पावसानंतरच येत असेल तर गच्ची, पन्हळ, खिडकीच्या कडा आणि भिंतीलगत पाणी तुंबते का ते पाहा. कोरड्या दिवशी भिंतीवर रबरी नळीने पाणी मारून पाहता येते, फक्त सुरुवात खालून करावी आणि थोडे थोडे वर जावे, नाहीतर पाणी कुठून शिरले ते कळत नाही. बारमाही असेल तर टाकीची खूण आणि रंग. एका वेळी एकच गोष्ट तपासा. कोण घरात आहे, कोण बाहेरगावी, पाहुणे किती, हेही वहीत लिहा.

काकांकडे आम्ही सहकुटुंब गेलो आणि माफी मागितली. ते हसले, चहा झाला. निघताना म्हणाले, "सर, ती वही चार दिवस द्या. आमच्या स्वयंपाकघराचा कोपरा दोन वर्षे ओला आहे. मी आजवर तुमच्या गच्चीला दोष देत होतो. बोललो नाही इतकेच."

वही अजून त्यांच्याकडेच आहे. आमच्या गच्चीवर पाणी साठवून पाहायचे ठरले आहे, येत्या रविवारी.