दुखणं वहीत मांडा

दोन महिन्यांपूर्वी आम्ही ताडीवाला रोडला एका आत्याबाईंना भेटायला गेलो. सारा जन्म रस्ते झाडण्यात गेलेला. खुब्याचा सांधा बदलून १० दिवस झाले होते. "आत्या, दुखतं का?" विचारलं, तर म्हणाल्या, "नाही रे बाबा." पण कपाळावर घाम होता आणि उशाखाली गोळ्यांची पाकिटं न फोडलेली. "गोळ्यांची सवय लागते म्हणतात. पोराला खर्च तरी किती?" दोन दिवस त्या खाटेवरून उतरल्याच नव्हत्या.

बंधू-भगिनींनो, सोसणं आपल्या आयाबायांच्या अंगी मुरलं आहे. पण इथे ते महागात पडतं. दुखलं की चालणं थांबतं. चालणं थांबलं की स्नायू दुबळे होतात, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. १९६२ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉन चार्न्ली यांनी धातूचा गोळा आणि टणक प्लास्टिकची वाटी बसवून आजच्या शस्त्रक्रियेची वाट घालून दिली. तो सांधा बसवतात चालण्यासाठी. गोळीही त्यासाठीच.

आम्ही पडलो कारकून. नातीला वही आणायला लावली आणि रकाने पाडले: वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, चाललं किती. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी वही पाहिली आणि व्यायामाच्या आधी गोळी घ्यायला सांगितली.

घरच्यांनी एवढं सांभाळावं. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर द्यावी. दुकानातून आणखी वेदनाशामक आणू नये. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते घातक ठरतं. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं शेकावा. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको; उंच खुर्ची घ्यावी. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पू आला, पाय अचानक आखूड वा वाकडा दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नये. शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

परवा पौर्णिमेला आत्या वॉकर घेऊन विहारात आल्या. खुर्चीवर बसायला संकोचल्या. "सगळे खाली आणि मी वर?"

आम्ही म्हटलं, "आत्या, बसा. आज वहीत पावलं जास्त मांडायची आहेत."