हळदीचं पान लाल होतं तेव्हा

तुर्भ्याच्या मसाला बाजाराजवळच्या वस्तीत दर शनिवारी आम्ही बायका रांगोळी काढतो आणि सोबत छोटे प्रयोगही करतो. तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा अंगणात आली, एवढाच फरक.

हळदीने रंगवलेल्या कागदी पानावर चुन्याची निवळी सोडली की पान लालभडक होतं, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. पहिल्यांदा हे पाहून एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, आमचं कुंकू असंच व्हायचं!" आम्ल-अल्कलीचा माझा धडा त्यांनी एका वाक्यात संपवला. मग उकळून गार केलेल्या दुधात आयोडीनचे दोन थेंब टाकले. निळं झालं, तर त्यात पिठाची भेसळ. त्या आठवड्यात तिघींनी दूधवाला बदलला.

हे करताना माझ्यासमोर शास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचा आदर्श असतो. बाई म्हणून नाकारलेला बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतला प्रवेश त्यांनी १९३३मध्ये हट्टाने मिळवला, १९३९मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं. पुढे मुंबईत ग्राहक चळवळीत उतरून भेसळीबद्दल लोकांना सावध केलं. एवढी मोठी शास्त्रज्ञ, पण तिचं ज्ञान गृहिणीच्या ओट्यापर्यंत पोचलं. त्यांच्या कामाचा हा भाग पाठ्यपुस्तकात ठळक यायला हवा.

बायकांना विज्ञान 'सोपं करून' सांगू नका, त्यांच्या हातात द्या. रंग, चव, पोत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. नवी मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांनो, महिन्यातला एक शनिवार जवळच्या बचतगटाला द्या. हळद त्यांच्याकडे आहेच, आयोडीनची बाटली तेवढी न्या.