‘ब्यूरो’ची कुळकथा

संपादक महाशय,


‘ब्यूरो म्हणजे सरकारी कचेरी, इतर अर्थ अपभ्रष्ट’ असा जो निवाडा गेल्या अंकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो देण्यापूर्वी त्यांनी या फ्रेंच शब्दाचे मूळ दप्तर चाळले असते, तर वाद उद्भवला नसता. हिशेबाच्या मेजावर जे जाडेभरडे लोकरी कापड अंथरीत, त्यावरून मेजास हे नाव पडले. मेजावरून खोलीस, आणि खोलीवरून तीत बसणाऱ्या कारकुनांच्या समुदायास. पंधराव्या लुईसाठी १७६० साली घडविण्यास घेतलेले व १७६९ साली पुरे झालेले, किल्लीच्या पाव वळशाने बंद होणारे मेजही ‘ब्यूरो’च, त्यास अपभ्रष्ट म्हणण्याचे धाडस निदान मला तरी होत नाही. इंग्रजांच्या घरी हा शब्द उतरत्या झाकणाच्या मेजापुरता उरला, तर अमेरिकेत कपड्यांच्या खणांच्या कपाटास लागला. (आमचे ‘दप्तर’ तरी कागदपत्रांतून कचेरीत आणि तेथून पोरांच्या खांद्यावर गेलेच ना?) फ्रेंच लष्कराचे हेरखाते ‘दुसरा ब्यूरो’ म्हणून प्रसिद्ध होते, पण कांगोतील फ्रेंच बोलीत याच शब्दांचा अर्थ विवाहित पुरुषाची ठेवलेली बाई असा होतो, कारण संध्याकाळी उशीर झाला की घरी सबब कचेरीचीच सांगावयाची असते.

आपला,
एक वाचक