फुकटचे चॅनल

गेल्या रविवारी ‘द केबल गाय’ तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्या खेपेला अर्ध्यातूनच उठलो होतो. १९९६ साली हा सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतही पुष्कळ जण असेच बिचकले. जिम कॅरीने या भूमिकेसाठी २ कोटी डॉलर घेतले होते. लोक ‘द मास्क’सारखी धमाल पाहायला गेले आणि समोर आला एक लोचट, बोबडा, अंगावर येणारा एकटा माणूस. बेन स्टिलरच्या या सिनेमावर तेव्हा बरीच टीका झाली. मला तो कॅरीच्या सर्वात धाडसी कामांपैकी एक वाटतो.

गोष्ट साधी आहे. स्टीव्हनने (मॅथ्यू ब्रॉडरिक) मैत्रिणीला लग्नाचं विचारलं, ती नाही म्हणाली, म्हणून तो वेगळ्या घरात राहायला आला आहे. एक मित्र सल्ला देतो, केबलवाल्याच्या हातात थोडे पैसे सरकव, सगळे सिनेमाचे चॅनल फुकट मिळतील. केबलवाला येतो, चॅनल जोडून देतो आणि तिथून पुढे जातच नाही. स्टीव्हन बाहेरून येऊन फोनचं मशीन लावतो तो प्रसंग बघा. निरोपामागून निरोप, सगळे ह्याचेच. आधी उत्साह, मग काळजी, मग रुसवा. माणूस पडद्यावर नाही, नुसता आवाज खोलीत भरत जातो. मला हसू येत होतं आणि पोटात गोळाही आला होता.

मग तो स्टीव्हनला एका हॉटेलात नेतो. तिथे लोक हातांनी कोंबडी खात सरदारांची झुंज बघतात. हा स्टीव्हनलाच चिलखत चढवून रिंगणात उतरवतो आणि तोंडाने ‘स्टार ट्रेक’चं संगीत वाजवत खरोखर त्याच्या अंगावर धावून जातो. ह्याच्याजवळचं प्रेम, राग, मर्दानगी, सगळं टीव्हीवरून उचललेलं. नावंसुद्धा. स्टीव्हनला तो चिप डग्लस हे नाव सांगतो, ते एका जुन्या मालिकेतल्या मुलाचं. नंतर लॅरी टेट, तेही मालिकेतलंच. शेवटी स्टीव्हन खरं नाव विचारतो तेव्हाही हा रिकी रिकार्डो म्हणतो. सिनेमा संपतो, नाव कळत नाही.

इथे मला आमचा केबलवाला आठवला. नव्वदीत आमच्या इमारतीत एक मुलगा यायचा. या गच्चीवरून त्या गच्चीवर काळी वायर टाकायचा, एक तारखेला पैशांसाठी बेल वाजवायचा. मॅच चालू असताना चित्र गेलं की आम्ही गॅलरीतून ओरडायचो, “ए केबलवाला!” चारपाच वर्षं तो घरात येत होता. आईने त्याला कितीदा चहा दिला असेल. त्याचं नाव मी एकदाही विचारलं नाही. हा सिनेमा पाहताना ते मनाला लागलं.

एरवी स्टीव्हननेही नाव विचारलं नसतं. चॅनल हवे होते, ते मिळाले. दिलेल्या वस्तूच्या बदल्यात हा माणूस मैत्री मागेल हे त्याच्या गावीही नव्हतं. पुढे केबलवाला जे करतो ते भयंकरच आहे. तो एकाला मारहाण करतो, स्टीव्हनला तुरुंगात धाडतो, त्याच्या आईवडिलांना आपलंसं करून घेतो. त्याला माफी नाहीच, सिनेमाही देत नाही. पण मध्येच लहानपणाचा एक तुकडा येतो. पोरगा टीव्हीसमोर बसलेला आहे, आई नटूनथटून बाहेर निघाली आहे आणि हा तिच्याकडे खेळायला एक भाऊ मागतो आहे. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा प्रसंग असेल. त्यानंतर मला निर्धास्तपणे हसता आलं नाही.

सगळं संपल्यावर जखमी केबलवाल्याला हेलिकॉप्टरमधून नेत असतात. शेजारचा कर्मचारी धीर देताना सहज त्याला ‘दोस्त’ म्हणतो. हा डोळे उघडतो आणि विचारतो, मी खरंच तुमचा दोस्त आहे? तो म्हणतो, हो, आहेस.

पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला तेव्हा मला त्या कर्मचाऱ्याबद्दल धास्ती वाटली होती. या रविवारी मात्र मी कॅरीच्या चेहऱ्याकडेच बघत राहिलो. ओठ फुटलेले, केस भिजलेले आणि तोंडभर हसू.