ग्रँड कॅन्यनचा काठ आणि ‘घरीच बसा’ हा सल्ला

चैत्र उजाडला की आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा कन्या परदेशी असते, तिकिटे काढलेली असतात आणि सत्तरीकडे झुकलेले आईवडील संकोचाने विचारतात, ‘‘वैद्यराज, या गुडघ्यांनी जमेल का हो?’’ पुष्कळ वर्षे आमचे उत्तर ठरलेले होते : ‘‘कशाला ती दगदग? गुडघे जपा, घरीच बसा.’’ हे उत्तर देणे सोपे असते, कारण त्यात वैद्याला कसलाही धोका नसतो. रुग्ण पडला नाही, तर श्रेय आपले. न जाण्याने त्याचे काय गेले, याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

भूगोल शिकवण्यात हयात घालवलेल्या एका निवृत्त शिक्षिकेलाही आम्ही हेच सांगितले होते. त्यांची कन्या अमेरिकेत होती. बाईंनी आमचा शब्द मानला व त्या गेल्या नाहीत. दोन वर्षांनी पाहतो तो त्यांचे चालणे पूर्वीपेक्षा निम्म्यावर आलेले. संधी जपता जपता मांसबल गेले आणि त्याबरोबर उत्साहही गेला. त्या सल्ल्याचा फेरविचार करण्याची वेळ आमच्यावर आली ती स्वतःच्याच घरात.

आमच्या सौभाग्यवतींचे दोन्ही गुडघे संधिगत वाताने ग्रस्त आहेत. शंभर पावले चालल्यावर बसावे लागते. पायऱ्या तर नकोशाच. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही चिरंजीवांकडे अॅरिझोनात होतो. ग्रँड कॅन्यन पाहण्याचा विषय निघाला तेव्हा आम्ही सवयीने नकार दिला. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, दरीत उतरायचे कोणी म्हटलंय? काठावर बसायला गुडघे कशाला लागतात?’’ या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आदल्या रात्री फ्लॅगस्टाफला मुक्काम केला. तेथून दक्षिण काठ सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे दीड तासाची वाट. चाकांची खुर्ची बरोबर होतीच. येथील मुख्य सोय अशी की, अमेरिकन राष्ट्रीय उद्यान सेवा चालण्यास असमर्थ प्रवाशांच्या वाहनासाठी खास परवाना देते. काठालगतचा अकरा किलोमीटरचा हर्मिट रस्ता मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो. हा परवाना असल्यास तेथे स्वतःची गाडी नेता येते. उद्यानाच्या फुकट बसगाड्या थांब्यावर एका बाजूस झुकतात व त्यांना रॅम्प असतो. मोठ्या विजेरी गाड्या मात्र त्यांत मावत नाहीत, हे आधीच ध्यानात ठेवावे.

मॅथर पॉइंट या दर्शनस्थळी पक्की वाट व कठडा आहे. तेथे खुर्ची लावली आणि पुढे जमीनच संपली. सुमारे दीड किलोमीटर खोल, लांबीने ४४६ किलोमीटर आणि काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद असे ते कोलोरॅडो नदीचे कोरीव काम डोळ्यांत मावत नाही. आम्ही काही सांगू लागलो, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘थोडा वेळ काही सांगू नका. मला नुसतं बघू द्या.’’ आम्ही गप्प राहिलो.

पुढे यावापाई येथील भूशास्त्र संग्रहालयापासून ‘ट्रेल ऑफ टाइम’ ही वाट लागते. २०१० साली खुल्या झालेल्या या सपाटशा वाटेवर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे प्रमाण धरले आहे आणि त्या त्या काळाचे खडक हाताला लागतील असे मांडले आहेत. काठाचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाचा ‘विष्णु शिस्ट’ सुमारे १७५ कोटी वर्षांचा. दरीतील सुळक्यांना ‘विष्णु टेंपल’, ‘शिवा टेंपल’ अशी नावे भूवैज्ञानिक क्लॅरन्स डटन यांनी एकोणिसाव्या शतकात दिली. खुर्चीत बसूनच सौभाग्यवतींनी त्या खडकांवरून हात फिरवला.

हर्मिट रस्त्यावर पॉवेल पॉइंट आहे. जॉन वेस्ली पॉवेल यांचा उजवा हात १८६२ साली शायलोच्या लढाईत गेला. १८६९ साली त्यांनीच नावांतून या नदीच्या दरीचा पहिला शास्त्रीय प्रवास घडवला. एका हाताच्या माणसाने ही दरी जगाला दाखवली आणि त्यांच्या स्मारकाला मात्र पायऱ्या आहेत! आम्ही चढलो नाही. खालून दिसते ते पुरेसे होते.

सर्व काही सुलभ होते असे नाही. काही दर्शनस्थळी कठडा नाही, काही ठिकाणी चढ आहे. डेझर्ट व्ह्यू येथील १९३२ सालच्या टेहळणी मनोऱ्याचा तळमजला पाहता येतो, वर जाण्यास जिनाच आहे. पाच स्थळे ठरवली होती, तीन पाहिली. बलार्धाची मर्यादा व्यायामाला सांगितली आहे. प्रवासालाही तीच लावावी, असे आमचे मत झाले आहे.

आता वैद्यांच्या दृष्टीने मुख्य मुद्दा. हा प्रदेश कोरडा व रूक्ष, आपल्या परिभाषेत जांगल देशाच्या लक्षणांचा. काठाची उंची सुमारे २१०० मीटर. वातप्रकोपास सर्व कारणे हजर. तरीही त्या दिवशी आम्हाला अधिक घातक वाटले ते वेगधारण. चालणे अवघड असलेली व्यक्ती स्वच्छतागृह दूर असेल या भीतीने पाणीच पीत नाही आणि लघवीही रोखते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांपैकी मूत्र व तृष्णा हे दोन एकाच भयापोटी अडवले जातात. म्हणून प्रवासी रुग्णाला औषधाआधी विचारावे : वाटेत स्वच्छतागृह कोठे आहे? बसायला जागा किती पावलांवर आहे? हे ठरले की निम्मी चिकित्सा झाली. प्रवासापूर्वी आठ-पंधरा दिवस स्नेहन-स्वेदन, परतल्यावर पूर्ण विश्रांतीचा एक दिवस, हे आपण जाणतोच.

अर्थात नाही म्हणण्याचे प्रसंगही असतात. हृद्रोग, श्वास किंवा तीव्र पांडू असलेल्यांनी इतक्या उंचीवर जाण्यापूर्वी तपासणी करूनच घ्यावी. दरीत उतरणाऱ्या पायवाटा तर दुखऱ्या गुडघ्यांसाठी नाहीतच. परंतु असा नकार तपासून दिलेला असावा, सवयीने दिलेला नसावा.

औषधालय चालवणाऱ्या बंधूंनाही एक विनंती. प्रवासाला निघालेल्या ग्राहकास सिद्ध तेल मोठ्या बाटलीत देऊन चालत नाही. विमानात हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही. लहान, घट्ट बुचाची व स्पष्ट लेबल असलेली बाटली द्यावी. सुट्या पुड्या तर देऊच नयेत.

आणि शेवटी स्वतःकडे पाहावे. परतल्यावर आमच्याच चिकित्सालयाच्या तीन पायऱ्या आम्हाला प्रथमच दिसल्या. वीस वर्षे संधिवाताचे रुग्ण त्या कण्हत चढत होते आणि आम्ही आत बसून त्यांना तेल लिहून देत होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. पण कायद्याची वाट कशाला पाहावी? एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार आणि हाताशी एक कठडा, एवढेच काम होते. ते आम्ही करून घेतले.

त्या उतारावरून प्रथम आल्या त्या भूगोलाच्या बाईच. छायाचित्रे पाहून त्यांनी एवढेच विचारले, ‘‘खुर्चीतून सगळं दिसतं?’’ आम्ही होय म्हणालो. बाई येत्या वसंतात जाणार आहेत. त्यांच्या गुडघ्यांची तयारी आम्ही सुरू केली आहे. हे काम चार वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते, ही खंत उरतेच. आपल्या रुग्णांच्या बाबतीत ती कोणा वैद्यबंधूच्या वाट्यास येऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.